गाणं विकत घेताय? किंमत नंतर बघा, आधी फाइल बघा

एकच अल्बम तीन दुकानांत शोधून बघा. पहिल्याकडे एमपी३, दुसऱ्याकडे त्याच भावात फ्लॅक (मूळ आवाजातलं काहीच न गमावता दाबलेली फाइल), आणि तिसऱ्याकडे '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' अशी पट्टी लावून बराच महाग. अशा वेळी बरेच जण मधलं काहीतरी उचलतात, अगदी स्वस्त नको आणि उगाच महागही नको म्हणून. पण गाण्याच्या फाइलला हा हिशोब लागूच होत नाही, कारण किंमत आणि आवाज यांची या धंद्यात कधीच फारकत झालीये.

ती कशी झाली ते थोडक्यात सांगतो. २८ एप्रिल २००३ ला अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअर सुरू झालं तेव्हा गाणं ९९ सेंटला, १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट डेटा, यालाच बिटरेट म्हणतात) एएसी, म्हणजे एमपी३ सारखीच दाबलेली फाइल, आणि वर डीआरएमचं कुलूप, म्हणजे पैसे देऊनही ठरावीक मशीनवरच वाजणार. मे २००७ मध्ये ईएमआय कंपनीची गाणी कुलूप काढून २५६ केबीपीएसला मिळायला लागली, दर १.२९ डॉलर. आधी घेतलेलं गाणं बदलून हवं असेल तर वरचे ३० सेंट भरा आणि चांगली फाइल घ्या. सरळ व्यवहार होता. पण पाच महिनेही टिकला नाही, ऑक्टोबरमध्ये तीच भारी फाइल ९९ सेंटवर आली. आणि मग २००९ मध्ये तीन दर आले, ६९ सेंट, ९९ सेंट आणि १.२९ डॉलर, आणि तिन्ही दरांना फाइल मात्र एकाच दर्जाची, २५६ एएसी. जोरात चालणारं गाणं महाग, पडून राहिलेलं स्वस्त, एवढंच. म्हणजे दर मागणीवर ठरतो, आवाजावर नाही. पुढे हाय-रेझवाल्या, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या आकड्यांच्या फाइली विकणाऱ्या, दुकानांनी परत क्वालिटीनुसार दर लावले, पण तिथेही तुम्ही ज्या आकड्याचे पैसे देता तो आकडा आणि कानाला येणारा फरक यांचं नातं वाटतं तेवढं सरळ नाही. तर आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: ऐकता कशावर, ते आधी खरं खरं ठरवा

ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर एक गोष्ट समजून घ्या. फोनमधून हेडफोनकडे जाताना आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. सगळीकडे चालणारा एसबीसी हा कोडेक (आवाज दाबायची पद्धत) चांगल्या सेटिंगला साधारण ३२८ केबीपीएसवर चालतो, एलडॅक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो. सीडीचा कच्चा डेटा १४११ केबीपीएस असतो. म्हणजे १९२ किलोहर्ट्झची फाइल फोनमध्ये घालून ब्लूटूथवर ऐकणं म्हणजे पैसे आणि स्टोरेज दोन्ही वाया. प्रवासात, रस्त्यावर, जिममध्ये ऐकणाऱ्याला २५६ एएसी किंवा ३२० एमपी३ भरपूर झालं, त्याच्या वर काही घेतलं तरी आजूबाजूचा आवाजच ते खाऊन टाकणार.

वायरवाले बरे हेडफोन असतील, शांत खोलीत बसून ऐकत असाल, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. आणि हो, बजेट थोडं असेल तर पैसे आधी हेडफोनवर किंवा स्पीकरवर घाला. दोन हेडफोनमधला फरक कुणालाही कळतो, दोन चांगल्या फाइलींमधला कळायला घाम गाळावा लागतो.

पायरी २: आकड्यांचं गणित एकदाच करून टाका

सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट. पहिला आकडा म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलं, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतच्या, म्हणजे साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी त्यात बसतात. माणसाचा कान लहानपणी २० किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि वय वाढेल तसा खाली येतो, चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांना १५-१६ च्या वरचं काही ऐकूच येत नाही (दुःख आहे, पण खर्च वाचतो). दुसरा आकडा म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर किती पकडता येतं ते. १६ बिटला साधारण ९६ डेसिबल, २४ बिटला कागदावर १४४. रेकॉर्डिंग करताना २४ बिट खरंच उपयोगी पडतात, कारण लेव्हल ठरवायला मोकळीक मिळते. ऐकताना ९६ डेसिबलसुद्धा सहसा पूर्ण वापरले जात नाहीत.

आता साइज. चार मिनिटांचं गाणं धरा. १२८ केबीपीएसला साधारण ३.८ एमबी, २५६ ला ७.७, ३२० ला ९.६. सीडी क्वालिटी न दाबता ४२ एमबीच्या आसपास, तेच फ्लॅक केलं की बहुतेक वेळा २० ते ३०. २४ बिट ९६ किलोहर्ट्झ न दाबता १३८ एमबी आणि १९२ ला २७६. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे बनावट फाइल पकडायला कामाला येतात.

पायरी ३: फॉरमॅट कुठला

दोनच जाती आहेत. लॉसी, म्हणजे कानाला कळणार नाही असा अंदाज बांधून काही भाग कायमचा फेकून दिलेला, त्यात एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस, ओपस आले. आणि लॉसलेस, ज्यात उघडल्यावर बिट न बिट मूळ परत मिळतो, त्यात फ्लॅक, अ‍ॅपलचं एएलएसी, आणि न दाबलेले वेव्ह आणि एआयएफएफ.

वेव्ह फ्लॅकपेक्षा चांगला वाजतो असं तावातावानं सांगणारे भेटतील, हसून पुढे जा. दोन्हीतून निघणारा डेटा तंतोतंत सारखा असतो. उलट वेव्हमध्ये गायकाचं नाव, अल्बमचं कव्हर वगैरे टॅग नीट बसत नाहीत आणि जागा दुप्पट खातो, त्यामुळे दोन्ही एकाच भावात असतील तर फ्लॅक घ्या. फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा कॉम्प्रेशनच्या पातळ्या असतात, त्यानं फक्त साइज आणि फाइल बनवायला लागणारा वेळ बदलतो, आवाज नाही.

लॉसीच घ्यायचं असेल तर एकाच बिटरेटला एएसी हा एमपी३ पेक्षा थोडा सरस. एमपी३ मध्ये ३२० किंवा व्ही० घ्या. व्ही० मध्ये बिटरेट गाण्याप्रमाणे खालीवर होतो आणि सरासरी साधारण २४५ च्या आसपास येते, त्यामुळे आकडा ३२० पेक्षा कमी दिसला म्हणून नाक मुरडू नका.

लाइव्ह अल्बम किंवा एकातून दुसऱ्यात वाहत जाणारे ट्रॅक असतील तर मात्र लॉसलेसच बघा. एमपी३ च्या रचनेतच सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते, काही प्लेअर ती कापतात, काही नाही कापत, आणि मग टाळ्यांच्या कडकडाटात मध्येच अर्ध्या क्षणाचा खड्डा पडतो. एकदा लक्षात आला की दर वेळी तोच ऐकू येतो.

पायरी ४: दुकानाचं पान बारकाईनं वाचा

'हाय क्वालिटी', 'स्टुडिओ क्वालिटी', 'प्रीमियम साउंड' असल्या शब्दांना काही अर्थ नाही. पानावर फॉरमॅटचं नाव आणि आकडे लिहिलेत का ते बघा. नसतील तर तिथे लॉसी फाइल मिळणार असं धरून चाला.

वेगवेगळ्या दुकानांची रीत वेगळी आहे. आयट्यून्सवर विकत घेतलेलं गाणं आजही २५६ एएसीच येतं. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये लॉसलेस सुरू केलं ते स्ट्रीमिंगच्या सबस्क्रिप्शनमध्ये, डाउनलोड विकत घेणाऱ्याला ते मिळत नाही, आणि इथे भलेभले गोंधळतात. बँडकॅम्पवर एकदा पैसे दिले की एमपी३, फ्लॅक, एएलएसी, वेव्ह यातलं हवं ते उतरवा, भाव तोच, कारण कलाकाराला तिथे मुळातच लॉसलेस फाइल चढवावी लागते. बीटपोर्ट हे डीजे लोकांचं दुकान, तिथे मूळ दर एमपी३ चा आणि लॉसलेस हवं असेल तर प्रत्येक ट्रॅकमागे वर पैसे. क्यूबझ आणि एचडीट्रॅक्स यांच्याकडे सीडी क्वालिटीचा एक दर आणि हाय-रेझचा त्याहून जास्त. क्यूबझच्या एका महागड्या सबस्क्रिप्शनमध्ये हाय-रेझ खरेदीवर सूट मिळते, म्हणजे वर्षाला बरेच अल्बम घेणाऱ्यानं तो हिशोब करून बघावा, दोनचार घेणाऱ्यानं नको.

एक नाव जुन्या फाइलींवर अजून दिसेल, एमक्यूए. हाय-रेझ म्हणून बरंच गाजवलं गेलं, पण ते मुळात लॉसी होतं, आणि २०२३ मध्ये त्या कंपनीचंच दिवाळं निघायची वेळ आली. तसा पर्याय दिसला तर साधं फ्लॅक घ्या.

पायरी ५: खरा भाव काढा

एका गाण्याचा दर बघून थांबू नका. आधी सुटी गाणी आणि पूर्ण अल्बम यांची तुलना करा. आयट्यून्सच्या जुन्या दरानं बघायचं तर अल्बम ९.९९ आणि गाणं १.२९, म्हणजे आठ गाणी सुटी घेतली की १०.३२ झाले, अल्बम स्वस्त पडला. चारच आवडत असतील तर सुटी घ्या. तिथे आधी घेतलेल्या गाण्यांचे पैसे वळते करून उरलेला अल्बम घ्यायची सोय आहे, ती विसरून पूर्ण किंमत मोजणारे खूप असतात.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी मिनिटामागे किती पडतात ते काढावं. लांब ट्रॅक बऱ्याचदा सुटा मिळतच नाही, अल्बमच घ्यावा लागतो. उलट कधी कधी सगळी मैफल दोनतीन लांब ट्रॅकमध्ये असते आणि दुकानानं ट्रॅकप्रमाणे दर लावलेला असतो, मग ती जवळपास फुकटात पडते.

पैसे कुणाकडे जातात तेही बघा, निदान कलाकार छोटा असेल तर. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेतं, आणि मार्च २०२० पासून अधूनमधून 'बँडकॅम्प फ्रायडे' असतो, त्या दिवशी ते आपला वाटा सोडतात. घ्यायचंच आहे तर त्या शुक्रवारपर्यंत थांबायला काय जातं.

आणि एक पर्याय जो डाउनलोडच्या नादात सगळे विसरतात, जुनी सीडी. डाउनलोड केलेली फाइल तुम्ही पुढे विकू शकत नाही. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीनं सेकंडहँड डिजिटल गाण्यांचा बाजार चालवून बघितला, कॅपिटल रेकॉर्ड्स कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये अपिलातही रीडिजी हरली. सीडीचं तसं नाही, ती हातोहात फिरते आणि म्हणून बऱ्याचदा त्याच अल्बमच्या लॉसलेस डाउनलोडपेक्षा स्वस्त पडते. घरी आणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रोग्रामनं फ्लॅक करा. त्यात अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोय असते, तुमची कॉपी इतरांनी केलेल्या कॉपीशी जुळते का ते ती तपासते. जुळली म्हणजे बिट न बिट बरोबर. मेहनत आहे थोडी, पण ओरखडे असले तरी बहुतेक सीडी नीट वाचल्या जातात.

पायरी ६: आपल्याच कानांची परीक्षा घ्या

ही पायरी बहुतेक लोक टाळतात, कारण निकाल मनासारखा लागत नाही. पण पुढच्या सगळ्या खरेदीचे पैसे इथे वाचतात.

आधी एक चुकीची पद्धत सांगतो. एका दुकानातून एमपी३ घ्यायचा, दुसऱ्यातून हाय-रेझ, दोन्ही ऐकायचे आणि 'अरे काय फरक आहे' म्हणायचं. फरक असेलही, पण त्या दोन फाइली वेगवेगळ्या मास्टरिंगच्या (विक्रीआधी गाण्याच्या आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) असू शकतात, एक दुसरीपेक्षा थोडी मोठ्यानं वाजत असू शकते, आणि मोठ्यानं वाजणारं आपल्याला नेहमीच जास्त चांगलं वाटतं. अर्ध्या डेसिबलचा फरकसुद्धा 'आवाज मोठा' असा कळत नाही, 'आवाज खुलला' असा कळतो.

म्हणून असं करा. तुम्हाला पाठ असलेलं एक गाणं लॉसलेसमध्ये घ्या. त्याच फाइलपासून स्वतः तीन कॉप्या बनवा, एमपी३ १२८, एमपी३ ३२० आणि एएसी २५६. फूबार२००० हा फुकट प्लेअर टाका आणि त्यात एबीएक्स कंपॅरेटर नावाचा जोड भाग बसवा. मूळ फाइल आणि १२८ ची कॉपी निवडा, राइट क्लिक, युटिलिटीज, आणि तिथून एबीएक्स. रीप्लेगेनची खूण चालू ठेवा म्हणजे दोन्हींचा आवाज सारखा होईल. आता ए म्हणजे एक फाइल, बी म्हणजे दुसरी, आणि एक्स म्हणजे या दोघांतली कुठली तरी, ती तुम्ही ओळखायची. पाहिजे तेवढ्या वेळा मागेपुढे ऐका, घाई नाही. असे १६ प्रयत्न करा. नुसतं नाणं उडवूनही आठ बरोबर येतात, त्यामुळे आठनऊ म्हणजे काही कळलं नाही. १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबानं तसं व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या खाली आहे, म्हणजे खरंच काहीतरी ऐकू येतंय.

ऐकायचं कुठे? पूर्ण गाणं ऐकत बसू नका, पाचसात सेकंदांचा तुकडा निवडा. झांजा, टाळ्यांचा कडकडाट, हार्पसिकॉर्ड, एखादा एकदम पडणारा ठोका. एमपी३ आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत कापून दाबतो, त्यामुळे कडक ठोक्याच्या किंचित आधी एक फुसफुस पसरते, तिला प्री-एको म्हणतात. १२८ ला ती बऱ्यापैकी सापडते, झांजांचा आवाजही पाण्यातून आल्यासारखा वळवळतो. मग ३२० ची कॉपी लावा. इथे बहुतेकांची गाडी अडते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नीट बनवलेली ३२० ची फाइल ओळखणारे कान थोडेच असतात आणि तेही सगळ्या गाण्यांत नाही ओळखत.

मग लॉसलेस कशाला घ्यायचं, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर असं की ते आजच्या कानासाठी नाही, उद्याच्या कन्व्हर्शनसाठी आहे. लॉसीवरून लॉसी बनवलं की दर वेळी थोडं थोडं अजून जातं. मूळ लॉसलेस हार्ड डिस्कवर असेल तर आज फोनसाठी एएसी करा, पाच वर्षांनी अजून काही नवीन आलं की त्यात करा, मूळ शाबूत राहतं. त्यामुळे लॉसलेस त्याच भावात किंवा थोड्या जास्त भावात मिळत असेल तर मी डोळे झाकून तेच घेतो. दीडपट मागत असतील तर मात्र कानांचा निकाल आठवतो.

पायरी ७: फाइल उघडून बघा

पैसे दिले, फ्लॅक उतरवलं, आता ते खरंच लॉसलेस आहे का? कुणीतरी एमपी३ घेऊन तिचं फ्लॅक बनवलं असेल तर एक्स्टेन्शन फ्लॅकचंच दिसणार आणि साइजही मोठीच असणार. झेरॉक्सची झेरॉक्स लॅमिनेट केली म्हणून ओरिजिनल होत नाही तसंच हे. दुकानदारानंच फसवलं असं नेहमी नसतं, लेबलकडून किंवा वितरकाकडूनच तशी फाइल आलेली असू शकते.

स्पेक नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे, त्यात फाइल ओढून टाकली की स्पेक्ट्रोग्राम दिसतो. आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, जिथे ऊर्जा जास्त तिथे रंग भडक. ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटिंग प्रोग्राममध्येही हे दिसतं, फक्त तिथे वरची मर्यादा २० किलोहर्ट्झला अडवलेली असू शकते, सेटिंगमध्ये जाऊन वाढवा नाहीतर सगळ्याच फाइली कापलेल्या वाटतील.

खऱ्या सीडी क्वालिटीच्या आधुनिक रेकॉर्डिंगमध्ये रंग वर वर विरळ होत २२ किलोहर्ट्झच्या आसपास पोचतो. १२८ च्या एमपी३ पासून बनवलेल्या फ्लॅकमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झला पट्टीनं रेघ मारावी तसा रंग तुटतो आणि त्याच्या वर काळंकुट्ट. ३२० वाली साधारण २० ला तुटते, आणि बऱ्याचदा १६ च्या वर ठिकठिकाणी चौकोनी भोकं पडलेली दिसतात. २५६ एएसीची मात्र बऱ्याचदा इतकी वरपर्यंत जाते की नुसत्या चित्रावरून पकडणं अवघड.

पण लगेच तक्रार ठोकू नका. जुन्या टेपवरच्या किंवा त्याआधीच्या तबकड्यांवरच्या रेकॉर्डिंगमध्ये वरची फ्रिक्वेन्सी मुळातच नसते. बघायचं हे की रंग हळूहळू मावळतोय की सरळ रेषेत कापलाय. मावळत असेल तर ते रेकॉर्डिंगच तसं आहे. अजून एक गंमत, जुन्या गाण्यांत कधी कधी १५.६ किंवा १५.७ किलोहर्ट्झला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बारीक सरळ रेघ दिसते. तो फाइलचा दोष नाही, जुने काचेच्या नळीचे टीव्ही मॉनिटर स्टुडिओत चालू असायचे, त्यांची शीळ माइकमध्ये शिरलेली असते. ती रेघ स्वच्छ दिसत असेल तर निदान तिथपर्यंतचं काही कापलेलं नाही एवढं नक्की.

२४ बिटचं सोंगही पकडता येतं. १६ बिटच्या फाइलला खाली शून्यं चिकटवून २४ म्हणून विकलं असेल तर फ्लॅक ती शून्यं ओळखून गाळतं, त्यामुळे साइज १६ बिटच्या फाइलइतकीच येते. २४ बिट ४४.१ चं गाणं आणि त्याच गाण्याची १६ बिटची फाइल दोन्ही २५ एमबीच्या आसपास असतील तर शंका घ्यायला जागा आहे. तसंच ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमधला रंग बरोबर २२ ला कापलेला दिसला तर ती सीडीच्याच फाइलपासून फुगवलेली आहे. अशा वेळी स्पेक्ट्रोग्रामचा स्क्रीनशॉट जोडून दुकानाला लिहा आणि पैसे परत मागा. उलट प्रकारही असतो, २५-३० किलोहर्ट्झच्या वर रंग पुन्हा गडद होत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं वा काय माल आहे. ती डीएसडी नावाच्या एका वेगळ्या डिजिटल पद्धतीच्या रेकॉर्डिंगमधली खरखर असते, संगीत नाही.

पायरी ८: हाय-रेझचे जास्तीचे पैसे द्यायचे का

२००७ मध्ये मेयर आणि मोरॅन या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रेझ डिस्क थेट ऐकवली आणि तीच १६ बिट ४४.१ मधून फिरवून ऐकवली. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे जवळजवळ निम्मे, नाणं उडवल्यासारखं. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून १८ प्रयोगांचा एकत्र हिशोब आला, त्यात सरासरी ५२.३ टक्के निघाली, सराव केलेल्यांची जास्त. फरक शून्य नाही, पण दुप्पट पैसे मोजावेत असाही नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. मेयर-मोरॅन यांनीच लिहून ठेवलंय की हाय-रेझ डिस्क बऱ्याचदा खरंच सुंदर वाजतात, कारण त्यांचं मास्टरिंग जास्त काळजीनं केलेलं असतं. म्हणजे पैसे द्यायचेच तर मास्टरचे द्या, किलोहर्ट्झचे नको. नव्वदच्या दशकापासून अल्बम जास्तीत जास्त मोठ्यानं वाजावा म्हणून दाबून टाकायची स्पर्धा लागली, ठोके आणि शांत जागा एकाच उंचीला आल्या. अशा दाबलेल्या मास्टरची १९२ किलोहर्ट्झची फाइल म्हणजे दाबलेलं गाणं अगदी अचूकपणे ऐकणं. आणि 'रीमास्टर्ड' शब्द दिसला की चांगलंच असेल असं धरू नका, कित्येक रीमास्टर मूळ सीडीपेक्षा जास्त दाबलेले असतात.

तपासायचं असं. दोन्ही आवृत्त्यांचं एकच गाणं घ्या, पूर्ण अल्बम नको. ऑडॅसिटीत दोन्ही एकाखाली एक उघडा. एकाचा आलेख मोकळा, टोकं वेगवेगळ्या उंचीची, आणि दुसऱ्याचा वरून खालून विटेसारखा सपाट असेल तर मास्टर वेगळे, आणि मोकळा तो घ्यायचा, मग तो स्वस्त असला तरी. आकडाच हवा असेल तर फूबारमध्ये डायनॅमिक रेंज मोजणारा जोड भाग मिळतो, ५-६ म्हणजे चेचलेलं, १२-१३ म्हणजे छान. फक्त विनाइलवरून घेतलेल्या फाइलींचा हा आकडा फुगून येतो, तेवढं सोडून द्या.

आलेख सारखेच दिसले तर पुढची युक्ती. प्रोजेक्टचा रेट ४४,१०० ठेवा, दोन्ही ट्रॅकचा आवाज सारखा करा, पूर्ण झूम करून दोन्ही अगदी सॅम्पलला सॅम्पल (मापाला माप) जुळवून घ्या, मग एकाला आवाजाची लाट उलटी करणारा इन्व्हर्ट इफेक्ट लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. मास्टर एकच असेल तर दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ शांतता उरते. म्हणजे महागड्या फाइलमध्ये कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात वेगळं काही नाही, सीडी क्वालिटी घ्या आणि मोकळे व्हा. बारीक आवाजात गाणं ऐकू येत राहिलं तर एकदा जुळणी परत तपासा, अर्ध्या सॅम्पलचा घोळसुद्धा असं करतो. आणि हा प्रयोग एमपी३ वर करू नका, तिथे काहीतरी उरणारच, आणि जे उरलं ते गाण्यात मिसळलेलं असताना ऐकू येतंच असं नाही.

पायरी ९: घेतलेलं सांभाळा

दुकानातून पुन्हा उतरवता येईल या भरवशावर राहू नका. लेबलनं अल्बम काढून घेतला की तुमच्या यादीतूनही तो जाऊ शकतो. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एमएसएन म्युझिकच्या कुलूपवाल्या गाण्यांच्या किल्ल्या देणं बंद करणार म्हणून जाहीर केलं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर मुदत वाढवली, पण गाणी विकत घेणाऱ्यांना आपण काय घेतलंय ते तेव्हा समजलं. आता बहुतेक दुकानांत कुलूप नसतं, त्यामुळे फाइल एकदा तुमच्या डिस्कवर आली की ती तुमची. दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा घराबाहेरची. टॅग नीट करायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड फुकट आहे. फोनसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये एएसी किंवा ओपसच्या कॉप्या बनवा, ओपस १२८ केबीपीएसलाही छान वाजतो.

फ्लॅकच्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) साठवलेली असते. वर्षातून एकदा फूबारच्या 'व्हेरिफाय इंटिग्रिटी'मधून सगळा फोल्डर फिरवा, डिस्क खराब व्हायला लागली असेल तर कुठली फाइल गेली ते लगेच कळतं, आणि तेवढीच बॅकअपमधून परत आणता येते.